अजून तरी काही सापडलेलं नाही

पाद्रीसाहेब माझ्याकडे बघून हसले आणि थांबले, तिथंच मला पहिली शंका आली.

तसे ते रोजच हसायचे. आमच्या गल्लीच्या टोकाला त्यांचं चर्च, चर्चच्या मागे सार्वजनिक मैदान आणि मैदानाच्या कडेनं माझा संध्याकाळचा फिरायचा रस्ता. जाता-येता नजरानजर व्हायचीच. पण ते हसणं 'काय, बरं आहे ना' छापाचं, हसून माणूस पुढे निघून जातो. हसून थांबणाऱ्या माणसाला काहीतरी हवं असतं. विमा कंपनीच्या दावे विभागात उभं आयुष्य घालवल्यावर हे मला कुणी सांगायला नको. आमच्याकडे 'दुकान जळालं' म्हणत कुणी आला की आम्ही आधी त्याच्या भुवया शाबूत आहेत का ते बघतो. संशय हा दुर्गुण आहे असं लोक म्हणतात. असेल. मला त्याचा पगार मिळतो.

"तुम्ही रोज कुंपणाबाहेरून मुलांना ओरडून काहीतरी सांगत असता," पाद्रीसाहेब म्हणाले.

मी सावध झालो, कारण ते खरं होतं. मैदानावर मुलं व्हॉलीबॉल खेळायची, म्हणजे चेंडूशी भांडायची, आणि ते बघून माझ्यानं राहवत नसे. तरुणपणी मी कंपनीच्या संघात होतो. आपण चेंडू नीट उचलून द्यायचा आणि शेजारच्यानं तो हाणून टाळ्या घ्यायच्या, अशी माझी जागा होती. पुढे माझ्या गुडघ्यानं राजीनामा दिला आणि संघानं तो जरा जास्तच तत्परतेनं मंजूर केला. पण अंगातली विद्या गुडघ्यात थोडीच असते. त्यामुळे 'कोपर सरळ', 'चेंडूखाली जा' असं चार वेळा बजावल्याशिवाय मला त्या कुंपणापासून हलवत नसे.

"कुणाच्या आईनं तक्रार केली का?" मी विचारलं.

"छे, छे. सुट्टीत आमच्या चर्चतर्फे मुलामुलींसाठी खेळांचं शिबिर घेतोय. चर्चमधली मुलं असतीलच, पण बाहेरच्यांनी जास्त यावं अशी इच्छा आहे. म्हटलं, तुम्ही बाहेरून सांगता तेच आत येऊन सांगाल का? रोज तासभर."

"मी तुमच्या चर्चचा नाही."

"माहीत आहे."

"कुठल्याच देवस्थानाचा नाही. म्हणजे आमचं देवाशी वाकडं नाही, पण जाणं-येणंही नाही."

"तेही माहीत आहे," असं म्हणून ते पुन्हा हसले.

हे यांना कसं माहीत? कुणी सांगितलं? माहिती काढली असेल तर ती कशासाठी? असे प्रश्न मनात उभे राहिले असताना शहाणा माणूस काय करतो? तो विचार करायला वेळ मागून घेतो. मीही 'विचार करून सांगतो' म्हणालो आणि शिट्टी विकत आणायला गेलो.

घरी आल्यावर बायकोनं सगळं ऐकून घेतलं आणि फक्त एवढंच विचारलं, "तुम्हालाच का?"

मला हा प्रश्न स्वतःला पडला होता तोवर ठीक होतं. तिनं विचारल्यावर तो झोंबला.

"मी खेळाडू होतो," मी म्हणालो.

"होतात," ती म्हणाली आणि कपड्यांच्या घड्या घालू लागली. एका शब्दात नवऱ्याचा निकाल लावायची कला तिनं कुठं शिकली कोण जाणे, आमच्या घराण्यात ती नव्हती.

रात्रीपर्यंत बातमी जिन्यानं वर गेली आणि वरच्या मजल्यावरचे निवृत्त हेडमास्तर खाली आले. ते आयुष्यभर शाळेच्या फाटकात उभे राहून उशिरा येणाऱ्यांना पकडत आले. आता फाटक नाही म्हणून आमच्या दारात उभे राहतात.

"गोड बोलणारी माणसं आहेत," ते हळू आवाजात म्हणाले. "याची एक पद्धत असते. आधी चहा देतील. मग बिस्किट देतील. मग एखादं पुस्तक देतील. बिस्किटापर्यंत हरकत नाही. पुस्तक आलं की उठायचं."

समोरच्या दारातले दंतवैद्य किल्ली कुलपात घालता घालता थांबले. "दात दुखत नसताना कुणी फुकट तपासतो म्हणाला की मीसुद्धा सटकतो," ते म्हणाले, "आणि मी स्वतः दंतवैद्य आहे."

एवढ्या सल्ल्यानंतर कुणीही नाही म्हणालं असतं. पण शिट्टी दुकानदार परत घेत नव्हता, तोंडाला लागलेली वस्तू म्हणे. शिवाय मी स्वतःला असं समजावलं, की बाहेर राहून संशय घेणारे गल्लीत पुष्कळ आहेत, आत जाऊन घेणारा कुणीतरी पाहिजे.

पहिल्या दिवशी मी मैदानात पाऊल ठेवलं आणि चहा आला. मी मनात एक खूण केली. थोड्या वेळानं बशीत बिस्किटं आली. मी दुसरी खूण केली आणि आजूबाजूला पुस्तक शोधू लागलो. पुस्तक आलं नाही. दुसऱ्या दिवशीही आलं नाही. पुस्तक येतं तर माणूस निदान उठून गेला असता. ते येत नाही म्हटल्यावर इथं काहीतरी खोल चाललंय याबद्दल माझी खात्री झाली.

मुली माझ्या वाट्याला आल्या. त्यांतल्या काही चर्चमधल्या, बऱ्याचशा आजूबाजूच्या गल्ल्यांमधल्या. चेंडू आला की निम्म्या डोळे मिटायच्या आणि उरलेल्या एकमेकींना सौजन्यानं 'तू घे, तू घे' म्हणायच्या. एकच मुलगी अशी होती की जिच्याकडे बघून माझ्या जुन्या गुडघ्यालासुद्धा उभारी आली. तिला सगळ्या 'शिडी' म्हणायच्या. ती इतकी उंच होती की नेटच्या पलीकडच्या मुलींशी गप्पा मारायला तिला टाचा उचलाव्या लागत नसत. हातात ताकद अशी, की चेंडू बिचारा केविलवाणा आवाज करायचा. फक्त तिची सर्व्हिस कधी नेटच्या वर जायची नाही. प्रत्येक चेंडू थेट नेटमध्ये, जणू मासे पकडायला टाकलेलं जाळं आहे.

"घाबरतेस कशाला?" मी तिला विचारलं.

"घाबरत नाही, सर. बाबा म्हणतात हे सगळं वेळ घालवणं आहे. शेवटच्या दिवशी मॅच बघायला येणारेत. त्यात काही दिसलं तर पुढं खेळायचं, नाहीतर सुट्टी संपली की बंद." तिचे वडील कोपऱ्यावर टायरचं दुकान चालवायचे. मी त्यांना ओळखत होतो. चाकात हवा भरल्यावर ती खरंच भरली का हे ते तीन वेळा दाबून बघायचे. माझ्याच जातकुळीतला माणूस.

तेव्हापासून त्या पोरीची सर्व्हिस नेटपार करणं हा माझा जीवनमरणाचा प्रश्न झाला. घरी जेवताना मी पोळी वाढणाऱ्या बायकोला मनगट कसं सैल ठेवावं ते सांगू लागलो. तिनं पोळी ताटात जरा जोरातच टाकली, पण मनगट मात्र सैल होतं.

आता लोकरमावशींबद्दल सांगायला हवं. मैदानाच्या कडेला खुर्ची टाकून एक वयस्कर बाई रोज लोकर विणत बसायच्या. हातातल्या सुया चालू आणि डोळे माझ्यावर. मी कोर्टाच्या डाव्या बाजूला गेलो की मान डावीकडे, उजवीकडे गेलो की उजवीकडे. एकदा मी मुद्दाम चेंडू आणायच्या निमित्तानं पार टोकाला गेलो. परत आलो तर खुर्चीही सरकलेली. मी ताडलं, ही माझ्यावर नेमलेली बाई. पुस्तक द्यायचं काम हिच्याकडे असणार.

एक दिवस त्यांनी सुरुवात केली. "तुम्ही ऑफिसात नेमकं काय करता हो?"

"लोक जे सांगतात ते खरं आहे का, ते बघतो."

सुया क्षणभर थांबल्या. "असं. आणि इथं आलात ते कुणी पाठवलं म्हणून?"

डाव माझ्या लगेच लक्षात आला. 'कुणी पाठवलं' म्हणजे वरच्यानं पाठवलं, असं माझ्या तोंडून वदवून घ्यायचं. मग म्हणायचं, बघा, तुम्हीच म्हणालात. मी काही कच्च्या गुरूचा चेला नव्हतो.

"मला कुणी पाठवत नाही," मी ठणकावून सांगितलं. "मी माझा येतो."

"बरं, बरं," मावशी म्हणाल्या, आणि सुया अशा वेगानं चालू लागल्या की त्या दिवशी स्वेटरची एक बाही तरी नक्की झाली असेल.

आणखी एक गोष्ट मला खटकत होती. खेळ संपला की मुलं झाडाखाली गोल करून बसायची. पाद्रीसाहेब एखादी छोटी गोष्ट सांगायचे आणि मग प्रार्थना व्हायची. हे त्यांनी पहिल्याच दिवशी मला मोकळेपणानं सांगितलं होतं. ज्याला बसायचं त्यानं बसावं, ज्याला घरी जायचं त्यानं जावं. पण मी चेंडू गोळा करत करत जवळ गेलो की आवाज एकदम खाली यायचा. एकदा तर गोष्टीत एक मेंढपाळ रात्रीचा डोंगरावर कुणाला तरी हाका मारत फिरत होता. मी दोन पावलं पुढे सरकताच त्या मेंढपाळानं घरी जाऊन स्वच्छ हातपाय धुतले आणि गोष्ट संपली. एवढ्या मेहनतीनं डोंगर चढलेला माणूस असा अर्ध्यात परत येत नाही. मला ऐकू नये असं तिथं काहीतरी होतं.

अशात शिबिराचा शेवटचा आठवडा आला. शेवटच्या दिवशी पलीकडच्या शाळेच्या संघाशी मॅच ठरली होती. साध्या खेळाला मैदानाचं फाटक उघडंच असायचं, पण मॅच म्हटली, बघायला लोक येणार म्हटल्यावर क्रीडांगण खात्याची परवानगी लागायची. आणि नियम असा, की संस्था धार्मिक असेल तर संस्थेबाहेरच्या एका जबाबदार नागरिकानं साहेबांसमोर हजर राहायचं. पाद्रीसाहेबांनी माझ्याकडे बघितलं. जबाबदार नागरिक असं मला त्याआधी कुणी म्हणालं नव्हतं. मी इस्त्रीचा शर्ट घालून गेलो.

क्रीडांगण खात्याचे साहेब म्हणजे एक बारीक अंगाचा, खिशाला दोन पेनं लावलेला माणूस. मैदानांचं खातं सांभाळूनही त्यांच्या अंगाला कधी ऊन लागलं असेल असं वाटत नव्हतं. ते कागदांमधून मान वर न करता विचारत होते आणि मी उत्तरं देत होतो. सगळं सुरळीत चाललं होतं.

"शिबिरात धर्मप्रचार वगैरे होतो का?"

इथं कुणीही 'नाही' म्हणून मोकळा झाला असता. पण मी दावे विभागातला. जे मी पूर्ण तपासलेलं नाही त्याबद्दल 'नाही' असं ठाम म्हणणं माझ्या रक्तात नाही. मी प्रामाणिकपणे म्हणालो, "अजून तरी मला काही सापडलेलं नाही."

साहेबांची मान वर आली. "अजून?"

"म्हणजे मी लक्ष ठेवून आहे."

"केव्हापासून?"

"पहिल्या दिवसापासून. माझ्या नजरेतून काही सुटायचं नाही."

साहेबांनी दुसरं पेन काढलं आणि बराच वेळ काहीतरी लिहिलं. माझ्या चोख वागण्याची नोंद होते आहे असं वाटून मी खुर्चीत थोडा ताठ बसलो. निघताना साहेब स्वतः उठून उभे राहिले. इतका मान मला आमच्या ऑफिसात निरोप समारंभातसुद्धा मिळायचा नाही, असं मी बायकोला सांगितलं.

मॅचच्या आदल्या दिवशी सरावाला गेलो तर फाटकाला कुलूप. बाहेर मुली, पाद्रीसाहेब आणि खुर्ची हातात घेतलेल्या लोकरमावशी. आत पहारेकरी.

"साहेबांचा फोन आला," पहारेकरी म्हणाला. "चौकशी पुरी होईपर्यंत उघडायचं नाही."

"कुणाची चौकशी?" पाद्रीसाहेबांनी विचारलं.

"तुमची."

"कोण करतंय?"

पहारेकऱ्यानं किल्ल्यांचा जुडगा माझ्या दिशेनं केला. "हे."

जमीन दुभंगावी आणि माणसानं आत जावं, असे प्रसंग आयुष्यात येतात, पण नेमकी तेव्हा जमीन घट्ट असते. सगळे माझ्याकडे बघत होते. मी खुलासा करायला तोंड उघडलं आणि तोंडातून निघालं, "मी फक्त अजून म्हणालो."

"तरीच," पाद्रीसाहेब म्हणाले. ते रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं.

"मी म्हणत नव्हते?" मावशींनी खुर्ची खाली ठेवली. "पहिल्या दिवसापासून हे सगळ्यांवर डोळा ठेवून. बिस्किटं आली तर बिस्किटांकडे संशयानं बघायचे. चेंडू उचलायच्या निमित्तानं प्रार्थनेत कान घालायचे. वर तोंडानं सांगितलं, लोकांचं खरं-खोटं बघणं हेच माझं काम. म्हणून तर पाद्रीसाहेबांना म्हटलं, हा माणूस जवळ आला की जपून बोला, आणि मी बसते याच्यावर नजर ठेवून."

"म्हणजे तुम्ही माझ्यावर पाळत ठेवून होतात?" मी म्हणालो.

"मग काय तुमचा खेळ बघायला बसत होते?"

इतके दिवस मला वाटत होतं की ही माणसं मला ओढायला टपलेली आहेत. प्रत्यक्षात ती माझ्यापासून जीव मुठीत धरून होती. यातून सावरतोय तेवढ्यात शिडी पुढे आली.

"सर, तुम्ही तपासायला आला होतात का?" तिनं विचारलं. "मग आम्हाला शिकवलंत ते? मनगट सैल ठेवायचं, ते पण असंच का?"

"ते खरं आहे," मी म्हणालो.

तिनं मान हलवली, पण तिचा विश्वास बसला नव्हता. खोटा दावा वाचताना माझा चेहरा कसा होत असेल ते मला त्या दिवशी तिच्या तोंडावर दिसलं. मी तिथूनच वळलो आणि क्रीडांगण खात्याची वाट धरली. गुडघा दुखत होता, पण त्याच्याकडे लक्ष द्यायला वेळ नव्हता.

"तिथं संशयास्पद काहीही नाही," मी साहेबांना सांगितलं. "मी शब्द मागे घेतो."

साहेबांनी हातातलं पेन खाली ठेवलं. "परवा तुम्हाला शंका होती. आज नाही. मधे काय झालं?"

"काही झालं नाही."

"काही न होता माणसाचं मत बदलत नाही. तुम्हाला त्यांनी काही दिलं का?"

"चहा. आणि बिस्किटं."

"आणि पुस्तक?"

हे हेडमास्तर यांच्याकडेही येतात की काय, असं मला वाटून गेलं. "पुस्तक दिलं नाही."

"मग मत कसं बदललं?"

हा प्रश्न मी आजवर किती माणसांना विचारला असेल त्याला गणती नाही. काल वेगळं सांगितलंत, आज वेगळं सांगता, मधे काय झालं? समोरचा माणूस घाम पुसायचा आणि मला वाटायचं, सापडला. आता घाम माझ्या कपाळावर होता आणि मी तर खरं बोलत होतो. त्या सगळ्यांतले किती जण खरं बोलत असतील, हा विचार तिथं करण्यासारखा नव्हता. मी तो नंतर करायचा ठरवला.

"साहेब, माझ्यावर विश्वास ठेवू नका," मी म्हणालो. "उद्या स्वतः या आणि बघा. मॅच होऊ दे. काही वावगं दिसलं तर तिथल्या तिथं थांबवा."

साहेबांनी खिडकीबाहेर बघितलं. बाहेर ऊन होतं. "पण मला सावलीत खुर्ची लागेल," ते शेवटी म्हणाले.

मॅचच्या दिवशी मैदानावर असा सन्नाटा होता की लग्नात न्यायाधीश बोलावल्यासारखं वाटत होतं. साहेबांची खुर्ची झाडाखाली, लोकरमावशींच्या शेजारी. पाद्रीसाहेबांनी सगळ्यांना बजावलं होतं, आज गोष्ट नाही, प्रार्थना नाही, नुसता खेळ. शिबिराच्या स्वयंसेवकांपैकी एकाला शिंक आली, दुसरा सवयीनं 'देव—' म्हणाला आणि 'देवदार छान वाढलाय नाही यंदा' असं कुंपणाकडे बघत पुरं केलं. तिथं देवदार नव्हता. आमचे हेडमास्तर आणि दंतवैद्य कुंपणाबाहेर उभे होते. बायकोही आली होती. थोडं बाजूला टायरवाले, हाताची घडी घालून. डोळ्यांत 'हवा खरंच भरली का' हाच भाव.

मुली खेळल्या मात्र जीव तोडून. 'तू घे, तू घे' बंद झालं होतं. आता 'माझा, माझा' म्हणत तिघी एका चेंडूवर धावायच्या, पण ही प्रगतीच होती. एक सेट त्यांनी घेतला, एक आम्ही. तिसरा शेवटाला आला आणि आम्ही एकाच गुणानं मागे होतो. आता चुकलो की संपलं. आणि सर्व्हिस नेमकी शिडीची.

तिनं चेंडू हातात घेतला आणि माझ्याकडे बघितलं. मी मनगट हलवून दाखवलं. तिनं मान फिरवून वडिलांकडे बघितलं. टायरवाल्यांनी हाताची घडी सोडली आणि पुन्हा घातली. तेवढ्यात मला पुढे व्हायची बुद्धी झाली, पाऊल टाकलं, आणि इतके दिवस कसाबसा तग धरलेल्या गुडघ्यानं त्या क्षणी कच खाल्ली. मी कोर्टाच्या कडेला दोन्ही गुडघ्यांवर आलो. आधाराला काही नव्हतं म्हणून हात एकमेकांत धरले. आणि माझ्या तोंडून, माझी परवानगी न घेता, अख्ख्या मैदानाला ऐकू जाईल अशा आवाजात शब्द निघाले:

"देवा, एवढी एक सर्व्हिस नेटच्या पार जाऊ दे."

मावशींच्या सुया थांबल्या. साहेबांचं पेन उघडलं. कुंपणाबाहेर बायकोनं माझ्याकडे अशा नजरेनं बघितलं, जणू विचारत होती, लग्नाच्या वेळी ही माहिती लपवून ठेवली होती का.

शिडीनं चेंडू उडवला आणि मारला.

आता देवाकडे मागताना माणसानं शब्द नीट वापरावेत, हे मी दावे विभागात असूनही विसरलो होतो. मी 'नेटच्या पार' म्हणालो होतो. चेंडू नेटच्या पार गेला. समोरच्या मुलींच्या पार गेला, मागच्या रेषेच्या पार गेला, कुंपणाच्या पार गेला आणि रस्त्यावर जाऊन पडला. आत पडावा असं मी कुठंही म्हटलं नव्हतं.

आम्ही हरलो.

पलीकडच्या शाळेनं उड्या मारल्या. साहेब खुर्चीतून उठून माझ्याजवळ आले. मी अजून गुडघ्यांवरच होतो, मनानं उठलो होतो पण गुडघा ऐकत नव्हता.

"ही प्रार्थना शिबिराच्या कार्यक्रमात होती का?" त्यांनी विचारलं.

"नाही, साहेब. ही माझी घरगुती."

पाद्रीसाहेब धावत आले. "साहेब, आम्ही आज मुद्दाम एक शब्दसुद्धा—"

साहेबांनी हात वर केला. त्यांनी स्कोअरच्या फळ्याकडे बघितलं, मग रस्त्याकडे, मग माझ्याकडे. "याला प्रचार म्हणून लिहिता येणार नाही," ते म्हणाले. "प्रचार असता तर संघ जिंकायला हवा होता." त्यांनी दोन्ही पेनं खिशाला लावली आणि मावशींनी पुढे केलेल्या बशीतून एक बिस्किट उचललं. आधी ते उलटं करून बघितलं, मग खाल्लं.

मला दोघांनी धरून उभं केलं तेव्हा फाटकातून टायरवाले आत येत होते. हातात चेंडू. तो त्यांनी अंगठ्यानं तीन वेळा दाबून बघितला.

शिडी खाली मान घालून उभी होती. "बाहेर गेला, बाबा," ती म्हणाली.

"दिसलं की. माझ्या दुकानाच्या दारात आला." ते चेंडूकडे बघत राहिले. "इथून तिथवर? हातानं?"

"हो."

ते माझ्याकडे वळले. "ताकद तिची आहे. पण दिशा कधी शिकवणार?"

"सुट्टी संपत आली," मी म्हणालो. "शिबिरही आज संपलं."

"मग उद्यापासून कुठं पाठवू?"

मी कोर्टाकडे बोट केलं. "पैसे किती घ्याल?" त्यांनी विचारलं. काही नाही म्हटल्यावर त्यांचे डोळे बारीक झाले. "का बरं?" टायरवाल्यांनी चेंडू मुलीकडे टाकला. "मी येऊन बसेन रोज," ते म्हणाले. "बघू तर खरं." शिडीनं चेंडू छातीशी धरला आणि माझ्याकडे बघून हसली. त्या हसण्यात मला काही काळंबेरं दिसलं नाही. मी शोधलं होतं.

सगळे पांगल्यावर पाद्रीसाहेब आणि मी जाळी गुंडाळत होतो. मावशींनी जाताना मला न मागता चहाचा दुसरा कप दिला होता, म्हणजे आमचं मिटलं होतं. पण माझ्या मनात एक गोष्ट सलत होती. ती न विचारता घरी गेलो असतो तर झोप लागली नसती.

"पाद्रीसाहेब, एक विचारू?" मी म्हणालो. "इतके दिवस मी रोज इथं येतोय. टायरवाल्यांना सोडा, त्या पहारेकऱ्यालासुद्धा तुम्ही परवा म्हणालात, रविवारी या कधीतरी. मी ऐकलं. मला मात्र एकदाही म्हणाला नाहीत."

ते गोंधळले. "तुम्ही तपासायला आलात असं वाटत होतं ना आम्हाला."

"ते कळलं. पण त्याआधी? पहिल्या दिवशी? माझ्यात काही कमी होतं का?"

"तुम्हाला यायचं आहे का?"

"मुळीच नाही."

"मग?"

"विचारायला काय हरकत होती, एवढंच म्हणतोय."

पाद्रीसाहेबांनी जाळीचं टोक खाली ठेवलं. हात झटकले, शर्ट सारखा केला आणि माझ्यासमोर नीट उभे राहून म्हणाले, "रविवारी सकाळी उपासनेला याल का? आम्हाला सगळ्यांना फार आनंद होईल."

मी थोडा वेळ विचार केल्यासारखं केलं. "नाही हो," मी म्हणालो. "रविवारी आम्ही उशिरा उठतो. पण तुम्ही विचारलंत, बरं वाटलं."

"मलाही," ते म्हणाले, आणि आम्ही जाळी उचलून चर्चच्या खोलीत ठेवली.

घरी पोचलो तेव्हा मी शीळ घालत होतो. बायकोनं दार उघडलं.

"काय झालं?"

"त्यांनी मला चर्चमध्ये बोलावलं."

"मग?"

"मी नाही म्हणालो."

"नाही म्हणालात," ती सावकाश म्हणाली, "मग इतके खूश कशाला आहात?"

मी तिला समजावून सांगायचा प्रयत्न केला. जितकं जास्त सांगत गेलो तितके तिचे डोळे बारीक होत गेले. पुढचा सबंध आठवडा, रविवार उलटून जाईपर्यंत, ती माझ्या चपलांवर लक्ष ठेवून होती.